दाखला हातात देण्याआधी



"उद्यापासून पोराला पाठवू नका. दाखला घेऊन जा." आमच्या गटातल्या एका ताईला शाळेतून असा निरोप आला. मुलगा नववीत. मधल्या सुट्टीत भांडण झालं, त्यानं वर्गातल्या एका मुलाला जोरात ढकललं आणि त्याचा हात मोडला. चूक मोठीच होती. ताई दाखला घेऊन आली. दुसरी शाळा लांब, एसटीचा भरवसा नाही. पोरगा महिनाभर घरी बसला, मग वीटभट्टीवर जायला लागला.

आणि ज्याचा हात मोडला, त्याला काय मिळालं? कुणी माफी मागितली नाही, दवाखान्याचा खर्च दिला नाही. दोघांच्या आया एकाच वाडीतल्या. आजही नळावर एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणजे शिक्षा झाली, पण भरून काहीच निघालं नाही.

यावर दुसरी एक वाट आहे. इंग्रजीत तिला 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' म्हणतात. आपण म्हणू, बिघडलेलं सावरणारा न्याय. न्यूझीलंडमधल्या माओरी समाजात कुणी चुकलं तर दोन्हीकडची माणसं एकत्र बसून तोडगा काढायची रीत आहे. 1989 साली तिथल्या सरकारनं गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी अशी कुटुंबाची बैठक कायद्यात आणली. पुढे इतर देशांतल्या शाळांनीही ही पद्धत घेतली.

शाळेत हे कसं करतात? आधी दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलायचं. दोघांची तयारी असेल तरच बैठक. दोन्ही मुलं, त्यांचे पालक आणि दोघांनाही विश्वास वाटेल असे एक सर किंवा बाई गोल करून बसतात. प्रश्न साधे असतात. काय घडलं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कुणाला काय त्रास झाला? आता हे भरून काढायला काय करायचं? ज्याला लागलं त्याचं म्हणणं सगळ्यांनी पूर्ण ऐकायचं. शेवटी काय ठरलं ते लिहायचं: कुणी, काय, कधीपर्यंत करायचं. ते झालं का, हे पाहायला पुन्हा बसायचं.

कुणी म्हणेल, हे तर सोडून देणं झालं. तसं नाही. दाखला घेऊन निघून जाणं त्यामानानं सोपं. ज्याचा हात मोडला त्याच्या आईसमोर बसून तिचं ऐकणं अवघड. आपल्या गटाचंच बघा. एखादीचा हप्ता थकला तर आपण पहिल्याच बैठकीत तिचं नाव कापत नाही. काय अडचण झाली ते विचारतो, हप्ता बांधून देतो. पण कर्ज माफ करत नाही.

मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ झाला असेल तर बैठक घेऊन मिटवायचं नाही. पॉक्सो कायद्यानं त्याची खबर पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मदतीसाठी 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. दुसरं, गोरगरिबाच्या किंवा खालची मानलेल्या जातीच्या मुलावर दबाव आणून "माफ कर, विषय संपव" असं होत असेल, तर तो न्याय नव्हे.

कायदा आपल्या बाजूनं काय सांगतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मारणं आणि मानसिक छळ यांनाही बंदी आहे. आठवीपर्यंत कुणी दाखला न्यायला सांगितलं, तर हे त्यांच्या कानावर घाला. नववीपासून हे कलम आड येत नाही, म्हणून तिथं आपणच जागं राहायला हवं. याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सभासद पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या महिला म्हणजे आपणच.

तेव्हा पुढच्या समितीच्या सभेत नुसती सही करून येऊ नका. एवढं मांडा: कुणाही मुलाच्या हातात दाखला देण्याआधी एकदा दोन्ही घरांना बोलवा, बसवा, ऐका. ठरलेलं सभेच्या वहीत लिहून घ्या.

ताईचा मुलगा अजून भट्टीवरच आहे. यंदा बाहेरून दहावीचा फॉर्म भरायचा, असं आम्ही गटात ठरवलंय. पण तेव्हाच एक बैठक झाली असती, तर हे वर्ष वाचलं असतं.