लाकडावर लिहिणारा प्रकाश

भिंगाने ऊन एकवटून कागद जाळण्याचा उद्योग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. त्याच भिंगाने आंब्याच्या फळीवर नाव कोरू लागलात, तर धूर निघतो, डाग पडतो, पण अक्षरे जाडीभरडी उमटतात. फळी कापली तर मुळीच जात नाही. असे का व्हावे?

थोडा हिशेब करू. ५ सेंटिमीटर व्यासाचे भिंग भर उन्हात सुमारे २ वॅट ऊर्जा गोळा करते. पण सूर्य हा बिंदू नाही, आकाशातली अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे भिंगाखाली तिचे छोटे चित्र पडते. भिंगाचे केंद्रांतर १५ सेंटिमीटर असेल, तर ते १.४ मिलिमीटर रुंद असते. लेसरचे किरण मात्र एका शिस्तीत चालतात आणि सुमारे ०.१ मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटतात. भिंगाखाली दर चौरस मिलिमीटरला जेमतेम सव्वा वॅट मिळतो, तर ५ वॅटच्या लेसरखाली ६०० वॅटहून अधिक! ५ वॅट म्हणजे काही फार नव्हे; लहानशा एलईडी दिव्याला तेवढी वीज लागते. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच ठिपक्याखालचे लाकूड धूर होऊन उडून जाते.

लाकूड कापण्यात तरबेज असलेल्या लेसरचे जनक आपल्या पुणे जिल्ह्यातले. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि बेल प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ मध्ये कार्बन डायॉक्साइड लेसर सिद्ध केला. त्यातली युक्ती मोठी सुरेख आहे. विजेने नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होतात, ते कार्बन डायॉक्साइडच्या रेणूंवर आदळून आपली ऊर्जा त्यांना देतात, आणि ते रेणू १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण बाहेर टाकतात. डोळ्यांना न दिसणारे हे किरण लाकूड चटकन शोषून घेते.

असे यंत्र पाहायला परदेशी जायला नको. भीमाकाठच्या वडगाव रासाईच्याच शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ २००२ मध्ये तेथेच उभी राहिली. लेसर कटर हे फॅब लॅबमधले नेहमीचे यंत्र.

छंदासाठीच्या लहान यंत्रांत बहुधा निळ्या प्रकाशाचा अर्धवाहक लेसर असतो. तो चालवताना शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस जवळ हवेच. निळा किरण, किंवा चकचकीत पत्र्यावरून उसळलेला त्याचा अंशही, डोळ्यातले भिंग थेट नेत्रपटलावर एकवटते. पापणी मिटण्याआधीच कायमची इजा होते. उन्हाचा काळा चष्मा येथे कुचकामी. त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यांवर पाहिजे, बघ्यांच्यासुद्धा. यंत्र चालू असता क्षणभरही दूर जाऊ नये आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. धूर पंख्याने खोलीबाहेर काढावा. रेक्झिन व पीव्हीसी यंत्राखाली कधीच घालू नका. त्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो.

सुरुवात ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या तुकड्यावर करावी. आधी लेसरची नेमकी उंची शोधायची. तुकडा एका बाजूने उचलून तिरका ठेवा आणि त्यावर एक सरळ रेघ मारा. रेघ जेथे सर्वांत बारीक, तेथली उंची केंद्रबिंदूची. मग लहान चौकोनांची जाळी कोरा: आडव्या ओळींत वेग बदला, उभ्या ओळींत शक्ती. कोणता चौकोन तपकिरी झाला, कोणता कोळसा, ते वहीत नोंदवा. कोरायला वेग जास्त लागतो. कापायला कमी, आणि एकाच रेघेवरून तीन-चार फेऱ्या. प्लायवूडच्या थरांत सरस जाड असेल तेथे किरण अडतो, म्हणून दुकानातून आणलेल्या प्रत्येक नव्या फळीसाठी ही जाळी पुन्हा काढावी लागते. सुताराच्या करवतीप्रमाणे लेसरही थोडे लाकूड खातो, साधारण ०.२ मिलिमीटर. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या खाचा करायच्या असतील, तर ३ मिलिमीटरच्या फळीसाठी खाच २.८ मिलिमीटरची आखावी.