विश्लेषण : ‘दोबार दान’ म्हणजे नमस्कार! बोस्नियन भाषेतले शिष्टाचार जालनेकरांना सोपे का जातील?

जालना सळयांचे शहर, तर बोस्निया-हर्जेगोव्हिनातील झेनित्सा पोलादाचे. तिथला कारखाना १८९२ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने तो घेतला आणि जवळपास दोन दशके चालवला. शेजारच्या क्रोएशियात बांधकाम, हॉटेल आणि डिलिव्हरीच्या कामांवर भारतीय कामगार आता सर्रास दिसतात. या पट्ट्यात नोकरीसाठी जायचे तर पहिल्या दिवशी कोणते शब्द तोंडात असावेत? आणि ते इंग्रजीवरून शिकण्याऐवजी थेट मराठीतून शिकलेले बरे, असे का?

ही भाषा कुठे बोलली जाते?

बोस्निया-हर्जेगोव्हिनाची लोकसंख्या २०१३ च्या जनगणनेनुसार सुमारे ३५ लाख. तिथे बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन या तिन्ही भाषांना मान्यता आहे. नावे तीन असली, तरी या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे सहज समजते. त्यामुळे खालचे बहुतेक शब्द सारायेव्होत चालतात, तसेच झाग्रेब आणि बेलग्रेडमध्येही.

रोजच्या कामाचे शब्द कोणते?

• दोब्रो यूत्रो – शुभ सकाळ
• दोबार दान – नमस्कार (दिवसभर चालतो)
• लाकू नोच – शुभ रात्री
• दोविजेन्या – येतो, पुन्हा भेटू
• ह्वाला – धन्यवाद
• मोलिम – कृपया
• इझ्विनिते – माफ करा
• काको स्ते? – कसे आहात?
• ने राझुमियेम – मला समजले नाही

यातला ‘मोलिम’ बहुगुणी आहे. विनंती करताना ‘मोलिम’, कुणी आभार मानले तर उत्तरादाखल ‘मोलिम’, नीट ऐकू आले नाही तर प्रश्नार्थक सुरात ‘मोलिम?’ आणि फोन उचलतानाही ‘मोलिम’.

‘इझ्वोलिते’ हा शब्द इंग्रजीत एका शब्दात सांगता येत नाही. मराठीत मात्र आपण तो रोज बोलतो. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘या, बोला, काय देऊ?’ म्हणतो किंवा पाहुण्यापुढे कप ठेवताना आपण ‘घ्या’ म्हणतो, त्या सगळ्या जागी तिथे ‘इझ्वोलिते’ चालते.

‘ह्वाला’ म्हणताना ‘ह’ अर्धाच ठेवावा. पूर्ण म्हटला, तर आपल्या कानाला भलताच व्यवहार ऐकू येईल!

‘तू’ की ‘तुम्ही’?

इंग्रजीवरून शिकणारा नेमका इथेच अडकतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. बोस्नियनमध्ये मित्राला, लहानाला ‘ती’ आणि अनोळखी, वयस्कर किंवा वरिष्ठ माणसाला ‘वी’. म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’च. मित्राला ‘काको सी?’ विचारायचे, मुकादमाला किंवा घरमालकिणीला ‘काको स्ते?’. मराठीसारखेच तिथेही क्रियापद बदलते. ‘इझ्विनिते’, ‘इझ्वोलिते’ यांच्या शेवटचा ‘ते’ हा या आदराचाच प्रत्यय. ‘करा’, ‘घ्या’ म्हणणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

नात्यांचेही तसेच. इंग्रजीत काका आणि मामा दोघेही ‘अंकल’. बोस्नियाक कुटुंबात काका म्हणजे ‘आमिजा’, मामा म्हणजे ‘दाइजा’. वयस्कर अनोळखी माणसाला आपण ‘काका’ म्हणतो, तशी तिथेही ‘आमिजा’ अशी हाक मारतात.

उच्चार अवघड आहेत का?

या भाषेच्या लिपीत ३० अक्षरे आहेत आणि जसे लिहिले तसे वाचायचे, हा नियम आहे. रोमन लिपीतले ‘सी’ हे अक्षर साधे असेल तर त्याचा उच्चार ‘त्स’, म्हणजे ‘चमचा’तला च. त्यावर छोटी खूण असेल तर ‘चहा’तला च. हा फरक अनेक परदेशी लोकांना घोटून घ्यावा लागतो. मराठी माणूस दोन्ही च लहानपणापासून बोलतो. म्हणून रोमन पाटीवर वाचून ‘झेनिका’ म्हणू नये. शहराचे नाव ‘झेनित्सा’ आहे.

मराठवाड्याशी नाते कसे?

बोस्नियावर १४६३ पासून १८७८ पर्यंत उस्मानी तुर्कांचे राज्य होते. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दोन्हीकडच्या दरबारी भाषांवर फारसी-अरबीचा पगडा होता आणि तेच शब्द दोन्हीकडच्या बाजारात उतरले. तिथे दुकानाला ‘दुचान’ म्हणतात, टिप म्हणजे ‘बाक्शिश’, साखर म्हणजे ‘शेचेर’. पिशवीला ‘केसा’ म्हणतात. आपला ‘खिसा’ त्याच मूळ फारसी शब्दातून आला. मुस्लिम वस्तीत ‘सेलाम’ ऐकू येतो. तो जालन्यात कुणालाच नवा नाही.

दुसरा धागा याहून जुना आहे. ‘दोबार दान’मधला ‘दान’ आणि आपला ‘दिन’ एकाच मुळाचे. मित्राला तिथे ‘प्रियातेल्य’ म्हणतात. त्याचे नाते ‘प्रिय’ या शब्दाशी आहे.

कुठे जपून बोलायचे?

१९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात युद्ध झाले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलांची हत्या झाली. युद्धाच्या पहिल्या वर्षी या प्रदेशातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख होते मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार.

त्या जखमा भाषेतही आहेत. कॉफीला ‘काह्वा’ म्हटले की बोलणारा बोस्नियाक असावा, ‘कावा’ म्हटले की क्रोएट आणि ‘काफा’ म्हटले की बहुधा सर्ब, असा अंदाज लोक बांधतात. पाहुण्याने सोपा नियम पाळावा : समोरचा जो शब्द वापरेल, तोच आपण वापरावा. भाषेचे नावही त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावे.

बाकी रीत ओळखीची आहे. बहुतेक घरांत पादत्राणे दाराशी काढतात आणि पाहुण्याला कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

एकच वाक्य पाठ करायचे असेल तर?

‘ने राझुमियेम’. परक्या देशात समजले नसतानाही मान हलवण्याची सवय महागात पडते. मशीनवरची सूचना असो, पगाराचा करार असो किंवा डॉक्टरांचा सल्ला. ‘इझ्विनिते, ने राझुमियेम’ म्हणून पुन्हा विचारणे उद्धटपणाचे नाही. त्या सुरुवातीच्या ‘इझ्विनिते’मध्ये आदर आहेच, आणि न समजता सही करण्यापासून तेवढे दोन-तीन शब्द वाचवू शकतात.