ज्वारीची हाक, टारफुल्याचे कान

टारफुला! नाव किती गोड, नाही? दिसतोही तसाच. वीतभर उंची, बारीक हिरवी पानं, इवलीशी पांढरी फुलं. पण संभाजीनगरहून फुलंब्री-कन्नडकडे जाताना शेतातल्या एखाद्या आजोबांना विचारा, "आजोबा, तुमच्या ज्वारीत टारफुला येतो का हो?" कपाळावर आठ्या पडतील त्यांच्या!

रानात ओल असूनही ज्वारी कोमेजते, तेव्हा मुळाशी हाच बसलेला असतो. त्याचं मूळ थेट ज्वारीच्या मुळात घुसतं आणि पाणी, अन्न फुकटात ओढतं.

खरी गंमत त्याच्या बीची. आकार जेमतेम ०.३ मिलिमीटर, म्हणजे धुळीचा कणच! एवढ्याशा बीत शिदोरी ती कितीशी असणार? उगवल्यावर थोड्या दिवसांत ज्वारीचं मूळ सापडलं नाही, तर खेळ खलास. म्हणून नुसता पाऊस पडला तरी ही बाई उगवत नाही. दहा-दहा वर्षंसुद्धा मातीत पडून राहते, एका रसायनाची वाट बघत.

ते रसायन सोडते खुद्द ज्वारी. नाव जरा जिभेला व्यायाम देणारं आहे: स्ट्रायगोलॅक्टोन. जमिनीत स्फुरद कमी पडलं की ज्वारीच्या मुळांतून ते जास्त पाझरतं. हा निरोप असतो मायकोरायझा नावाच्या बुरशीला: "ये गं, मला स्फुरद आणून दे, मी तुला साखर देते." जपानी शास्त्रज्ञांनी हे २००५ मध्ये दाखवून दिलं. पण भिंतीला कान असतात, तसे मातीलाही! टारफुल्याची बी तो निरोप चोरून ऐकते. मूळ काही मिलिमीटरवर आलंय हे कळताच टुणकन उगवते.

ज्वारी बिचारी वाटली? छे! तिच्या मुळांवरच्या केसांच्या टोकांना सोर्गोलिओन नावाच्या रसायनाचे तेलकट, पिवळसर थेंब असतात. शेजारी उगवणाऱ्या बारीक तणांना ते वाढूच देत नाहीत. टारफुल्यापुढे मात्र तिची ही युक्ती पुरत नाही.

तिथे कामाला येते आपली कपाशी. टारफुल्याला जागं करणारं रसायन पहिल्यांदा सापडलं ते कपाशीच्याच मुळांतून, १९६६ साली, अमेरिकेत. आणि कपाशीवर टारफुला जगूच शकत नाही! कपाशी आपल्या बुरशीला हाक मारते, टारफुल्याची बी फसून उगवते, पण या मुळातून तिला काहीच मिळत नाही. मग ती उपाशीच मरते.

म्हणून टारफुल्याच्या रानात ज्वारीमागून ज्वारी न घेता कपाशीची फेरपालट करतात. एका हंगामात सगळ्याच बिया काही फसत नाहीत. काही लबाड झोपूनच राहतात. त्यामुळे पांढरं फूल दिसलं, की बी धरायच्या आत टारफुला उपटायचा.