इंटरफेस घेण्याआधी पंखा बंद करून ऐका

गाण्याच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या, कीर्तनं यूट्यूबवर लाइव्ह जाऊ लागली, पॉडकास्ट तर गल्लोगल्ली निघतात. मोबाइलच्या माइकवर भागेनासं झालं की माणूस चांगला माइक घ्यायला निघतो आणि दुकानात गेल्यावर त्याला कळतं, की या माइकची तीन पिनांची एक्सएलआर वायर लॅपटॉपला लागतच नाही. मध्ये एक डबा लागतो, ऑडिओ इंटरफेस. पाच-सहा हजारांपासून पुढे वाटेल त्या किमतीला तो मिळतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ छापलेलं असतं आणि मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असं समजून बरेच जण पैसे मोजतात. त्या दोन आकड्यांपैकी एक खरोखर कामाचा आहे. दुसऱ्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये.

आधी हा डबा काय करतो ते पाहू. स्टेजवर सर्रास दिसणारा शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक माइक. त्याच्या जाळीशी ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगलाच खणखणीत आवाज पोचला तरी त्यातून जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट वीज निघते. ती एक व्होल्टपर्यंत न्यायची तर सुमारे ५४० पट वाढवावी लागते. हे काम प्रीअँपचं. त्यानंतर कन्व्हर्टर त्या विजेचं सेकंदाला हजारो वेळा माप घेतो आणि ती मापं यूएसबीतून लॅपटॉपकडे धाडतो. हेडफोनमध्ये आवाज येतो तो याच्या उलट वाटेने.

सेकंदाला किती वेळा मोजलं म्हणजे पुरे? या प्रश्नाची वाट हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच दाखवून दिली. स्वीडनमध्ये जन्मलेले हे अभियंते अमेरिकेत एटी अँड टी कंपनीत तारायंत्रावर काम करत होते. त्यांच्या विचाराला क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये गणिती सिद्धतेचं रूप दिलं. एखाद्या ध्वनीतल्या सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून जास्त वेळा माप घेतलं, की मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. माणसाचा तरुण, धडधाकट कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणून सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ ठरलं आणि व्हिडिओसाठी ४८ रूढ झालं. १९२ किलोहर्ट्झला ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज साठवता येतात, पण ते ऐकायला वटवाघूळ हवं. फाइल मात्र ४८च्या चौपट होते. शिवाय यूट्यूब लाइव्ह स्टिरिओ आवाजासाठी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १२८ केबीपीएसची शिफारस करतं. वरचं सगळं श्रोत्यापर्यंत पोचण्याआधीच गळून जातं.

२४ बिटचं तसं नाही. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलची जागा मिळते. १६ बिटला ९६ आणि २४ बिटला कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगले कन्व्हर्टर ११० ते १२०च्या आसपास थांबतात, तरी तेवढं पुष्कळ झालं. याचा फायदा गाणाऱ्याला होतो. मंद्र सप्तकात रेंगाळलेला आवाज एकदम तार षड्जावर गेला, की लेव्हल शून्याच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या कमाल मर्यादेच्या वर उडते आणि सूर फाटतो. असा फाटलेला सूर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ववत होत नाही. २४ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून निर्धास्त गाता येतं.

मग महाग आणि स्वस्त इंटरफेसमध्ये खरखरीचा फरक असेल ना? असतो, पण त्याची मर्यादाही नायक्विस्ट यांनीच घालून दिली. जॉन जॉन्सन यांनी तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे होणारी खळबळ मोजली आणि १९२८ मध्येच नायक्विस्ट यांनी तिचं सूत्र मांडलं. १५० ओहमच्या माइकमधून नेहमीच्या तापमानाला येणारी ही नैसर्गिक खरखर उणे १३१ डीबीयू (व्होल्टचं डेसिबलमधलं माप) भरते. कितीही पैसे ओता, माइक खोलीच्या तापमानाला आहे तोवर ती कमी होत नाही. बजेटमधल्या चांगल्या प्रीअँपचा आकडा उणे १२८च्या आसपास असतो. म्हणजे लाखाचा इंटरफेस घेतला तरी इथे फार तर तीन डेसिबल पदरात पडतात.

आता हा हिशेब घरात आणू. उणे १२८ डीबीयू म्हणजे सुमारे ०.३१ मायक्रोव्होल्ट. एसएम५८च्या भाषेत ती खरखर खोलीतल्या १८ डेसिबल आवाजाइतकी झाली. छताचा पंखा चालू असलेल्या खोलीत ४० डेसिबल धरू. फरक २२ डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने पंखा प्रीअँपच्या दीडशे पट गोंगाट करतो. त्यात खिडकीबाहेरची रिक्षा आणि शेजारची कुकरची शिट्टी धरलेलीच नाही. उलट माइक तोंडापासून वीतभर होता तो अर्ध्या वितीवर आणला, की आवाज सहा डेसिबलने वाढतो. एकही पैसा खर्च न करता मिळणारी ही सुधारणा महागड्या प्रीअँपच्या दुप्पट आहे.

तर मग डबा निवडायचा कशावर? पहिली गोष्ट, माइक किती लावायचे. खोक्यावर ‘दोन इनपुट’ लिहिलेलं असलं तरी फोकसराइट स्कारलेट सोलो किंवा बेरिंजर यूएमसी२२ यांत माइकचा प्रीअँप एकच असतो, दुसरी जागा गिटारसारख्या वाद्यासाठी. गायक आणि पेटी असे दोन माइक हवे असतील तर स्कारलेट टूआयटू किंवा यूएमसी२०२एचडीच्या वर्गातलं काही घ्यावं लागेल. तबल्याला वेगळा माइक हवा असेल तर किमान तीन प्रीअँपांशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे प्रीअँप आवाज किती वाढवू शकतो ते. निवेदनासाठी लोकप्रिय असलेला शुअर एसएम७बी इतका मंद आहे, की त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. चौथ्या पिढीच्या सोलोत ५७ मिळतो, टूआयटूमध्ये ६९. कंडेन्सर माइकला गेन कमी पुरतो, पण त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. हे ४८ कुठून आले? १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी ट्रान्झिस्टरचे माइक बनवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच वापरली आणि पुढे तोच जगाचा रिवाज झाला. ‘साउंड कार्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अगदी स्वस्त डब्यांत मात्र पूर्ण ४८ व्होल्ट मिळतीलच असं नाही, हे तपासून घ्या. आणि खोलीत पडदे-गाद्या नसतील तर कंडेन्सरच्या नादी लागू नका, तो भिंतींचा घुमारासुद्धा इमानेइतबारे टिपतो.

तिसरी गोष्ट लेटन्सी, म्हणजे तोंडातून निघालेला सूर हेडफोनमध्ये परत यायला लागणारा वेळ. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा, म्हणजे तेवढ्या मापांचा बफर (साठा) ठेवला, की एका दिशेला ५.३ मिलिसेकंद जातात. जाऊन-येऊन आणि बाकीची उठाठेव धरून बारा-पंधरा सहज होतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चार-पाच मीटर जातो. साथीदार खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखं वाटतं आणि द्रुत लयीत पंचाईत होते. यावर उपाय डायरेक्ट मॉनिटरिंगचा. तिथे माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. विंडोजवाल्यांनी लेटन्सी कमी ठेवणारा, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का तेही विचारावं.

लाइव्ह जाणाऱ्यांसाठी चौथी गोष्ट लूपबॅक. लॅपटॉपवरच्या अ‍ॅपमधला तानपुरा आणि माइकमधला गळा एकत्र करून प्रक्षेपणात पाठवणारी ही सोय. स्कारलेटची चौथी पिढी, मोटू एम२, यामाहा एजी०३ यांत ती आहे. विंडोजवर प्रक्षेपणाचं ओबीएस सॉफ्टवेअर लॅपटॉपचा आवाज स्वतःच उचलू शकतं, त्यामुळे तिथे लूपबॅकवाचून अडत नाही.

डबा घरी आणल्यावर घुंऽऽ असा आवाज येऊ लागला, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा किंवा दोन पिनांच्या चार्जरचा, डब्याचा नव्हे. आपल्याकडच्या विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची ती कुरकुर असते.

पैशांचा क्रम असा लावा: लागतील तेवढे माइक प्रीअँप, पुरेसा गेन, डायरेक्ट मॉनिटरिंग, गरज असेल तर लूपबॅक. एवढं जमलं की तिथेच थांबा. उरलेल्या रकमेतून बंद कपाचा हेडफोन, माइकचा स्टँड आणि खिडकीला जाड पडदा घ्या. श्रोत्याला ऐकू येणारा फरक तिथे पडतो.