बटाट्याला बोल लावण्याआधी

आंबिवली स्टेशनजवळ माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळच्या लोकलने कल्याण, ठाणे गाठणारे लोक जाता जाता डबा उचलतात. त्यातल्या कुणाला मधुमेह निघाला, की दुसऱ्या दिवशी पहिली सूचना ठरलेली: “ताई, उद्यापासून बटाटा नको.” मग संध्याकाळी तेच गृहस्थ वडापावच्या गाडीवर दिसतात. त्या वड्यात बटाटाच असतो, वर बेसनाचं आवरण आणि कढईतलं तेल, शिवाय मैद्याचा पाव. पण बदनाम होते ती डब्यातली भाजी!

शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण 87 कॅलरी असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात 130च्या आसपास. बटाट्यातलं पोटॅशियम केळ्याच्या तोडीचं. क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी, बी-6 आहे, सालीत तंतू आहेत. पण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम दोन्ही पाण्यात उतरतात. सोलून, चिरून, तासभर पाण्यात ठेवून मग ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे बरंचसं मोरीत गेलं. म्हणून आमच्याकडे बटाटे सालासकट उकडायचे, सोलायचे नंतर.

माझे बटाटे रात्रीच उकडलेले असतात. पहाटे पोळ्या लाटायच्या की कुकर लावायचा, एवढाच त्यामागचा विचार. आहारतज्ज्ञांचं वाचलं तेव्हा कळलं, की या सवयीला पाठबळ आहे. उकडताना स्टार्च फुगतो, मोकळा होतो आणि पोटात लगेच साखर होतो. बटाटा गार झाला, की त्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो. तो लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य होतो. सकाळी फोडणीला टाकून गरम केला तरी त्यातला बराच भाग टिकतो. साखर त्यामुळे थोडी सावकाश चढते. थोडीच हं! फ्रिजमधला बटाटा म्हणजे औषध नव्हे. मधुमेही गिऱ्हाइकाला मी बटाटा निम्मा देते, सोबत मटकीची उसळ. आणि भाजी घेतली तर पोळी एक कमी, हे न विचारता सांगते.

कच्च्या बटाट्याचं मात्र उलटं. तो फ्रिजमध्ये ठेवला, की थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला, की चटकन लाल-तपकिरी होतो. बटाट्यात अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल असतं. तळणीच्या उष्णतेत त्याची साखरेशी गाठ पडली, की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरलंय. अन्नात ते असतं हे 2002मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. उकडताना ते होत नाही, कारण पाणी तळणीच्या तेलाइतकं तापत नाही. काप सोनेरी झाले की झारा उचलावा. करपट कडांची हौस असणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांना तसे काप देतही नाही.

कल्याणच्या बाजारात इंदूरचा असो की तळेगावचा, बटाटा उजेडात मांडलेला असतो. उजेडाने तो हिरवा पडतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी, पण त्याच्याच जोडीने सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यं वाढतात. किडीपासून बचाव करायला झाडाने केलेली ही सोय आपल्याला मळमळ, उलट्या देते. उकडून ती जात नाहीत. एखादा हिरवा ठिपका असेल तर खोलवर कापून काढते, कोंबाचे डोळे कोरते. अर्धा हिरवा किंवा चवीला कडवट असेल तर सरळ फेकते. बटाटा गोणपाटाखाली अंधारात, आणि कांद्यापासून लांब, म्हणजे लवकर कोंब येत नाहीत.

उपासाची मंडळी या सगळ्यातून सुटल्यासारखी वागतात. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेला हा पाहुणा आपण एकादशीला चालवून घेतला, ते बरंच झालं. पण साबुदाणा वडा, बटाट्याचे वेफर, वर तुपातला कीस, यात नुसता उकडलेला बटाटा कुठे राहिला? दह्यातली उकडलेल्या बटाट्याची कोशिंबीर मागणारं गिऱ्हाईक आषाढीला एखादंच येतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हिशेब पालटतो. ज्या पोटॅशियमचं एवढं कौतुक केलं, तेच अशा माणसाच्या रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं. त्यांच्यासाठी बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं, म्हणजे मी मघाशी जे करू नका म्हटलं नेमकं तेच. तेही डॉक्टरांनी प्रमाण सांगितलं असेल तरच. नाहीतर त्यांच्या डब्यात मी दुधी घालते.