रहाटपाळणा : मेळ्यातले यंत्रशास्त्र

थंडी पडू लागली की आपल्या ग्वाल्हेरात मुलांना मेळ्याचे वेध लागतात. माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात शंभराहून अधिक वर्षांत पुष्कळ काही बदलले, पण लांबून पहिल्यांदा नजरेत भरतो तो आजही पाळणाच. घरी आपण त्याला पाळणा म्हणतो, शेजारी झूला म्हणतात आणि तिकिटाच्या खिडकीवर ‘जायंट व्हील’ असे लिहिलेले असते. मराठीत त्याला आणखी एक जुना व नेमका शब्द आहे, रहाटपाळणा.

विद्यार्थी मित्रांनो, या शब्दातच त्या यंत्राची अर्धी रचना सांगितलेली आहे. विहिरीवरचा रहाट तुमच्या आजी-आजोबांनी नक्की पाहिला असेल. चाक फिरते आणि त्याबरोबर पोहरे खाली-वर होतात. या चाकाला पोहऱ्यांच्या ऐवजी पाळणे टांगले की झाला रहाटपाळणा. पाळणा वरच्या खिळीवर मोकळा लोंबकळत असतो. बसणाऱ्याचे वजन खिळीच्या खाली असल्यामुळे चाक कितीही फिरले तरी पाळणा सरळच राहतो. ही खिळ गंजून अडकली तर मात्र पाळणा चाकाबरोबर कलू लागेल. म्हणून सगळ्या यंत्रात ती लहानशी खिळ फार महत्त्वाची.

पाळण्यात बसताना तीन प्रश्न मनात यायला हवेत. एवढे मोठे चाक बारीक गजांवर कसे उभे राहते? पोटात गोळा का येतो? आणि यात बसणे सुरक्षित आहे, हे कोणी ठरवले?

शिकागोचे चाक

असे पाळणे फार जुने आहेत. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६१५ साली कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहरात, रमजानच्या दिवसांत लोकांना अशा चाकांत बसून फिरताना पाहिले होते. ही चाके लाकडी असत आणि माणसे ती हाताने फिरवीत. आपल्याकडे लहान जत्रांमधून अजूनही गडी चाकावर चढून आपल्या अंगाच्या वजनाने पाळणा फिरवताना दिसतात.

या खेळण्याचे खरे यंत्र झाले ते अमेरिकेत, शिकागो येथे, १८९३ साली. कोलंबसाच्या अमेरिका-प्रवासाला चारशे वर्षे झाल्यानिमित्त तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेत सप्टेंबर महिन्यात स्वामी विवेकानंदांनी भाषण केले, हे आपण सर्व जाणतो. त्या दिवसांत शिकागोला आलेल्या लोकांच्या तोंडी आणखी एक विषय होता, तो म्हणजे जॉर्ज फेरिस यांचे चाक.

चार वर्षांपूर्वी पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल मनोरा उभा राहिला होता. त्याला तोड देईल असे काही तरी अमेरिकन अभियंत्यांनी करून दाखवावे, असे आव्हान प्रदर्शनाचे प्रमुख वास्तुशिल्पी डॅनिएल बर्नहॅम यांनी केले. फेरिस तेव्हा तेहेतीस-चौतीस वर्षांचे होते. पूल आणि पोलाद हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी २५० फूट व्यासाच्या चाकाची कल्पना मांडली तेव्हा इतकी नाजूक दिसणारी रचना टिकणार नाही, असे म्हणून ती आधी नाकारण्यात आली. फेरिस वाद घालत बसले नाहीत. त्यांनी स्वतःचे पैसे घालून आराखडे आणि हिशेब तयार करवून घेतले व पुन्हा मांडले. परवानगी मिळाली तेव्हा १८९२ साल संपत आले होते. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन वाफेने मऊ करून पाया खणावा लागला. प्रदर्शन मे महिन्यात उघडले आणि चाक २१ जूनला सुरू झाले.

त्याची मापे आजही थक्क करतात. उंची २६४ फूट. मधला पोलादी आस सुमारे ४५ फूट लांब आणि ४० टन वजनाचा. त्याला ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसे, म्हणजे एका वेळी २,१६० लोक. चाक फिरवायला एक हजार अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आणि तेवढेच दुसरे हाताशी राखून ठेवलेले. तिकीट अर्धा डॉलर. जुलैमध्ये तेथे मोठे वादळ झाले. प्रदर्शनात लोकांना वर नेणारा दोरीचा फुगा त्यात फाटून चिंध्या झाला, पण चाक जागेवर उभे राहिले. प्रदर्शन संपेपर्यंत चौदा लाखांहून अधिक लोक त्यात बसले.

बैलगाडीचे आरे आणि सायकलच्या तारा

हे चाक नाजूक दिसत होते, मग टिकले कसे? उत्तर आपल्या दारात उभ्या असलेल्या सायकलमध्ये आहे.

बैलगाडीचे चाक पाहा. त्याचे लाकडी आरे जाड असतात. गाडीचा भार तुंब्यावर येतो, खालचा आरा तो भार खांबासारखा पेलतो आणि धावेवर टाकतो. म्हणजे आरा दाबला जातो. आता सायकलची तार पाहा. ती इतकी बारीक असते की दोन बोटांनी दाबली तरी वाकेल. तिच्यावर खांबासारखे उभे राहता येणार नाही. पण तीच तार ओढून तोडायची म्हटली तर पैलवानालाही जमणार नाही. बारीक पोलाद दाबाला कच्चे आणि ताणाला पक्के असते. म्हणून सायकलच्या सगळ्या तारा आधीच ओढून घट्ट बसवलेल्या असतात.

फेरिस यांनी हेच तत्त्व घेतले. त्यांच्या चाकाचा आस दोन उंच मनोऱ्यांवर टेकलेला होता आणि चाकाची वर्तुळाकार कड पोलादी गजांनी त्या आसाकडे ओढून धरलेली होती. कडेचा खालचा भाग गजांनी आसाला टांगलेला आणि वरचा भाग कमानीसारखा त्या खालच्या भागावर टेकलेला, अशी ती रचना होती. जाड आरे वापरले असते तर त्यांचे स्वतःचेच वजन चाकाला पेलवले नसते.

पुढची मोठी चाके याच मार्गाने गेली. वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने व्हिएन्ना येथे १८९७ मध्ये उभारलेले चाक दुसऱ्या महायुद्धात जळाले, १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि आजही फिरते. लंडनचे १३५ मीटर उंचीचे ‘लंडन आय’ २००० साली लोकांसाठी खुले झाले. ते थेम्स नदीवर आडवे जुळवून मग उभे करण्यात आले. त्याचे डबे टांगलेले नसून चाकाच्या बाहेरच्या बाजूला बसवलेले आहेत आणि ते सरळ राहावेत म्हणून मोटारींनी फिरवावे लागतात. दुबईत २०२१ मध्ये उघडलेले ‘ऐन दुबई’ २५० मीटर उंच असून ते जगात सर्वांत उंच आहे.

पोटात गोळा का येतो?

येथे एक गंमत आहे. लंडनच्या प्रचंड चाकात बसून पोटात गोळा येत नाही, पण मेळ्यातल्या पाळण्यात येतो. कारण उंचीत नसून वेगात आहे.

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राकडे ओढणारे बल असावे लागते. पाळणा सर्वांत वर असतो तेव्हा केंद्र आपल्या खाली असते. म्हणून आपल्या वजनाचा काही भाग या ओढीत खर्च होतो आणि बैठक आपल्याला तेवढी कमी रेटते. आपण हलके झालो असे वाटते. सर्वांत खाली केंद्र आपल्या डोक्यावर असते. तेथे बैठकीला आपले वजन पेलून शिवाय वरही रेटावे लागते, म्हणून आपण जड झालो असे वाटते.

हा फरक किती, ते काढण्याची सोपी रीत अशी : चाकाची त्रिज्या मीटरमध्ये घ्या, तिला ४ ने गुणा आणि एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांच्या वर्गाने भागा. समजा त्रिज्या ६ मीटर आहे आणि एका फेरीला १० सेकंद लागतात. २४ भागिले १००, म्हणजे ०.२४. याचा अर्थ आपले वजन वर सुमारे चोवीस टक्के कमी आणि खाली तेवढेच जास्त भासेल. ४० किलोच्या मुलाला वर ३० किलोचे आणि खाली ५० किलोचे झाल्यासारखे वाटेल. लंडनच्या चाकाला एका फेरीला अर्धा तास लागतो. तेथे त्याच मुलाच्या वजनात पाच ग्रॅमचाही फरक पडत नाही. आणि याच रीतीने काढलेले उत्तर १ आले तर? वर पोहोचल्यावर बैठक आपल्याला धरूनच ठेवणार नाही! म्हणून पाळणा किती जोरात फिरवायचा यालाही मर्यादा असते.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी. कागदावर ६ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा, खालच्या टोकापासून दर ३० अंशांवर खूण करा आणि प्रत्येक खुणेची उंची मोजा. पहिल्या टप्प्यात उंची जेमतेम ०.८ सें.मी. वाढते, दुसऱ्यात २.२, तिसऱ्यात व चौथ्यात ३-३, आणि मग पुन्हा २.२ व ०.८. पाळणा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी आपण एकसारखे वर जात नाही. त्रिकोणमितीतले साइन-कोसाइन पुढे शिकाल, तेव्हा हे आकडे आठवा.

बसण्यापूर्वी

आता तिसरा प्रश्न. फेरिस यांचे चाक सुरक्षित होते, कारण वादळी वाऱ्याचा, भाराचा आणि पोलादाच्या प्रतीचा हिशेब आधी झाला होता. मेळ्यातला पाळणा मात्र दर काही आठवड्यांनी उकलला जातो, ट्रकमधून नेला जातो आणि नव्या जमिनीवर पुन्हा जोडला जातो. दर वेळी नट-बोल्ट, खिळी, सांधे आणि पायाखालचे ठोकळे नव्याने तपासावे लागतात. दुर्दैवाने अशा पाळण्यांचे अपघात देशात होत असतात. म्हणून पालकांनी तपासणीचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला संकोचू नये. तो आपला अधिकार आहे.

मुलांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पुढची आडवी सळई लागल्याशिवाय पाळणा हलू देऊ नये. मुलींनी वेणी आणि ओढणी घट्ट बांधावी. सुटे केस चाकाच्या भागांत अडकून गंभीर अपघात झालेले आहेत. हात बाहेर काढू नये, उभे राहू नये, पाळण्याला मुद्दाम झोका देऊ नये. पाळणेवाला एकाच बाजूचे सगळे पाळणे न भरता समोरासमोर माणसे बसवतो, ते उगीच नाही. एक बाजू जड झाली तर चाक झटके देते. तेव्हा ‘आम्हांला सगळ्यांना ओळीने बसवा’ असा हट्ट धरू नये.

फेरिस यांचे चाक पुढे सेंट लुईसच्या १९०४ च्या प्रदर्शनात पुन्हा फिरले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. ते पाहायला फेरिस नव्हते. १८९६ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला होता. चाक गेले, पण अशा पाळण्याला इंग्रजीत आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

यंदा मेळ्यात जाल तेव्हा आधी पाच मिनिटे खाली उभे राहा. घड्याळ लावून एका फेरीचा वेळ मोजा, पाळणेवाल्या काकांना चाकाचा व्यास विचारा, त्याच्या निम्म्यावरून हिशेब करा आणि उत्तर विज्ञानाच्या वहीत लिहून आणा. मग तिकीट काढा. वर गेल्यावर ग्वाल्हेरचा किल्ला कोणत्या दिशेला दिसतो, तेही लिहायला विसरू नका.