सहा घरे, एक खिटी

निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आमची चिखलीही त्याला अपवाद नाही. त्या शस्त्रांत सामान्य नागरिकाचे रिव्हॉल्व्हर असले तर ते बहुधा .३२ बोअरचे, कारण .३८ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चे रिव्हॉल्व्हर बनते. कौतुक होते ते त्याच्या फिरत्या सिलिंडरचे. माझ्या मते मात्र खरी कारागिरी ते थांबवण्यात आहे. फिरवणे तसे सोपे असते. घोडा मागे जाऊ लागला की त्याला जोडलेला आकडा वर सरकतो, सिलिंडरच्या पाठीवरचा दाता ढकलतो आणि सहा घरांचे सिलिंडर ६० अंश फिरते. पण ढकललेले लोखंड आपणहून नेमक्या जागी थांबत नाही. त्यासाठी खालून एक खिटी असते. सुरुवातीला ती खाचेतून बाहेर पडते, पुढची खाच येण्याआधीच सुटून सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावरून घासत जाते आणि खाच येताच तीत बसते. सॅम्युअल कोल्टच्या १८३६ च्या अमेरिकी पेटंटचे मर्म हेच होते: घोडा ओढण्याच्या एकाच हालचालीत फिरणे आणि अडकणे. नळीचे मागचे तोंड पसरट असतेच, मग घर किंचित हुकले तर काय बिघडले, असे कोणी विचारेल. ते तोंड गोळीला वाट दाखवते, हे खरे. पण चूक वाढली की गोळीचे शिसे तासले जाते आणि सिलिंडर व नळी यांच्या फटीतून बाजूला उडते.

बंदुकीच्या यंत्रणेत एवढे रमावे कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. पण १८४५ मध्ये स्टीफन फिच यांनी टरेट लेथ बनवला तो पिस्तुलांच्या चापयंत्रणेचे स्क्रू करण्यासाठीच, आणि त्याचा टरेट, म्हणजे हत्यारे धरणारा फिरता भागही असाच फिरतो नि अडकतो. तो सैल अडकला की जॉबचे माप गेलेच.

अडचण झिजेची आहे. चाप हिसक्याने ओढत राहिले की जड सिलिंडर खिटीवर आदळते, खाचेच्या कडा ठेचल्या जातात. आकडा झिजला की सिलिंडर फिरून थोडे अलीकडेच राहते, आणि सहाही दाते सारखे झिजत नसल्याने कधी पाच घरे बरोबर येतात, एकच चुकते. नवा आकडा नुसता बसवून भागत नाही. प्रत्येक घर तपासत कानशीने जुळवावा लागतो. चिखलीतल्या एखाद्या लेथवाल्याच्या हाती ते कसब असेलही, पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. मालकाला ही अट जाचक वाटेल. मला ती योग्यच वाटते, कारण चुकलेल्या घराचे शिसे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही लागते.